कडू, निवळ आणि गोठलेलं लिमोनचेल्लो: नेमकं कुठं बिघडलं आणि घरी नीट कसं करायचं

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय: व्हिडिओ बघून घरी लिमोनचेल्लो, म्हणजे लिंबाच्या सालीचं गोड इटालियन मद्य, केलं. ७५० मिलिलिटर व्होडका, २० कागदी लिंबांची किसणीवर किसलेली साल, अर्धा किलो साखर, अर्धा लिटर पाणी. बरणी ४० दिवस खिडकीत ठेवली. एवढं करून हाती आलं ते कडू. रंगही दुधाळ पिवळा आला नाही, जवळजवळ निवळच राहिलं. फ्रीझरमध्ये ठेवल्यावर तर त्याचा बर्फाचा चुरा झाला. आता हे फेकून द्यायचं का, आणि पुढच्या वेळी काय करायचं?

फेकू नका, त्यावर उपाय आहे, तो शेवटी सांगते. पण तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. कडूपणा सालीच्या पांढऱ्या भागातून आला. निवळपणा व्होडकामुळे आला आणि तो दोष नाहीच. गोठलं ते साखर-पाण्याचं गणित चुकल्यामुळे. ४० दिवस थांबण्याचा त्यात काही फायदा झाला नाही, उलट तोटाच झाला.

मी दक्षिण इटलीत अमाल्फीच्या किनाऱ्यावर राहते आणि एका शेतघराच्या स्वयंपाकघरात काम करते. लिमोनचेल्लो हे याच भागातलं, म्हणजे नेपल्सच्या खालचा सोरेंतो, अमाल्फी आणि काप्री बेट एवढ्या पट्ट्यातलं. मूळ आमचंच, असा दावा तिन्ही ठिकाणचे लोक करतात. तो वाद मिटणारा नाही, कारण लिंबाची साल मद्यात मुरवून गोड पेय करायची रीत इथल्या घराघरांत आधीपासूनच होती. आज जगभर जी बाटली दिसते ती मात्र बरीच अलीकडची. काप्रीवर या नावाचं व्यापारचिन्ह नोंदवलं गेलं ते १९८८ साली.

इथलं लिंबू आधी समजून घ्या, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. अमाल्फीच्या लिंबाला स्फुसातो म्हणतात. ते लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, मुठीत मावणार नाही एवढं मोठं असतं. सोरेंतोचं अंडाकृती असतं. दोघांनाही युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, सोरेंतोला २००० साली आणि अमाल्फीला त्यानंतर वर्षभराने मिळालं. समुद्रावर झुकलेल्या डोंगराला दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांचे वाफे केलेले आहेत. त्यांवर चेस्टनटच्या खांबांचे मांडव असतात आणि लिंबाच्या फांद्या त्या मांडवावर बांधून पसरवतात. हिवाळ्यात वाऱ्यागारांपासून जपायला पूर्वी वरून गवताच्या चटया घालत, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी असते. काढणीला माणसं त्या मांडवाच्या आडव्या दांड्यांवरून चालत जातात. खाली उभं राहून बघताना काळजाचा ठोका चुकतो. मायोरी आणि मिनोरी या दोन गावांमधली जुनी पायवाट या वाफ्यांमधूनच जाते. एके काळी बायका पाठीवर पन्नास-पन्नास किलोंच्या टोपल्या घेऊन त्या पायऱ्या उतरायच्या. इथले लोक हे लिंबू चकत्या करून मीठ लावून सालीसकट खातात, कारण त्याचा पांढरा भागही जवळजवळ गोडसर असतो. नाशिकच्या बाजारातल्या लिंबाचं तसं नाही, आणि तुमचा पहिला घोटाळा तिथेच झाला.

लिमोनचेल्लोत लिंबाचा रस नसतो. थेंबभरही नाही. जे काही आहे ते सालीच्या अगदी बाहेरच्या पिवळ्या थरात आहे. लिंबू डोळ्याजवळ धरून बघा, सालीवर बारीक बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. साल वाकवून मेणबत्तीसमोर चिमटली तर त्यातून उडालेला फवारा क्षणभर पेट घेतो, इतकं ते ज्वलनशील तेल आहे. त्यातला बहुतांश भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो, पण ज्याला आपण लिंबाचा वास म्हणतो तो मुख्यतः सिट्रालमुळे येतो, आणि तो तेलात थोडासाच असतो. हे सिट्राल नाजूक. ऊन, उष्णता, हवा आणि आंबट रस यांपैकी कशानेही ते बिघडतं. बिघडलं की ताज्या लिंबाचा वास जाऊन फरशी पुसायच्या लिक्विडची आठवण येते. म्हणूनच बरणीत रस घालायचा नाही आणि बरणी खिडकीत ठेवायची नाही. कपाटात, अंधारात ठेवायची.

पिवळ्या थराखाली पांढरा मऊ थर असतो. कडूपणा तिथे राहतो. किसणीवर साल किसताना हात एकदा जोरात फिरला की पांढरं आलंच. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की हिरवं-पिवळं कुठं संपलं आणि पांढरं कुठं सुरू झालं हे कळायच्या आत रस दिसायला लागतो. २० लिंबं किसून पांढरं अजिबात न येऊ देणं माझ्याही हाताला जमणार नाही.

माझं साधन म्हणजे साधा बटाट्याचा पीलर, पण नवा, धारदार. लिंबू टोकाकडून धरायचं आणि उभ्या पट्ट्या काढायच्या, हलक्या हाताने, दाब न देता. प्रत्येक पट्टी उलटी करून बघायची. आतल्या बाजूला तेलाचे ठिपके दिसत असतील तर ती बरोबर निघाली. आतून पांढरी दिसली तर पाटावर पालथी घालून धारदार सुरी आडवी धरून पांढरं खरवडून टाकायचं. हे कंटाळवाणं काम आहे. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांच्याकडे मी हे शिकले, त्या एवढंच एक काम स्वतःच्या हाताने करतात. बाकी साखर, पाणी, गाळणं कोणीही करावं. मोठी बॅच असली की दोघीतिघी जणी अंगणात बसतो आणि दुपार त्यातच जाते. इथे काटकसर करून पुढे काहीही केलं तरी चव सुधारत नाही.

सोलण्याआधी फळ धुवायचं ते कोमट पाण्यात, थोडा खाण्याचा सोडा घालून, मऊ ब्रशने. मग फडक्याने पूर्ण कोरडं करायचं. दुकानातल्या चकचकीत लिंबांना मेण लावलेलं असतं आणि त्या मेणात बऱ्याचदा बुरशीनाशक मिसळलेलं असतं. इटलीत अशा फळांच्या जाळीवर साल खाण्याजोगी नाही असं छापलेलं असतं. ते मेण धुण्याने पूर्ण जात नाही, आणि तीव्र मद्य ते मेण आणि त्यातलं सगळं विरघळवून तुमच्या पेल्यात आणतं. त्यामुळे मेण न लावलेलं फळ मिळत नसेल तर त्या दिवशी लिमोनचेल्लोचा बेत रद्द करावा. डाग पडलेलं, वाकडंतिकडं पण झाडावरून आलेलं लिंबू कधीही बरं. तोडून दोन-तीन दिवसांच्या आतलं हवं. साल वाळायला लागली की तेल उडून जातं.

आता मद्य. इटलीत किराणा दुकानात ९६ टक्क्यांचं शुद्ध खाद्य अल्कोहोल बाटलीत मिळतं, पिठाच्या आणि साखरेच्या शेजारच्या फळीवर. घरगुती लिकर, म्हणजे स्वाद मुरवलेलं गोड मद्य, करायलाच ते विकतात. सालीतलं तेल पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. जितकं मद्य तीव्र तितकं तेल भराभर आणि जास्त उतरतं. पाण्यात विरघळणारी कडू द्रव्यं मात्र त्यात कमी येतात. व्होडकात उलटं होतं. भारतातली व्होडका ४२.८ टक्क्यांची, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. तेल हळूहळू आणि थोडंच येतं, आणि सालीला पांढरं चिकटलेलं असेल तर कडूपणा आरामात उतरत राहतो. तुमची बरणी ४० दिवस नेमकं हेच करत होती.

इथे एक गोष्ट फार स्पष्ट लिहिते, कारण तीव्र अल्कोहोल मिळत नाही म्हणून लोक भलतेच मार्ग शोधतात. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट, प्रयोगशाळेतलं इथेनॉल, सॅनिटायझर, पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट, यांपैकी काहीही पोटात जायच्या गोष्टीत वापरायचं नाही. त्यांत मिथेनॉल किंवा दुसरी विषारी द्रव्यं मुद्दाम मिसळलेली असू शकतात. त्याने डोळे जातात, जीव जातो. गाळून, उकळून, साली घालून ते विष निघत नाही. घरी भट्टी लावून दारू गाळणं तर सरळ गुन्हा आणि धोकाही. आपण इथे दारू गाळत नाही, काही आंबवतही नाही. विकत आणलेल्या, सील असलेल्या मद्यात साल मुरवतो, एवढंच. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, आणि घरी केलेलं लिकर परवान्याशिवाय विकणं कुठेही चालत नाही. दिवाळीत बाटल्या भरून विकायचा विचार असेल तर तो सोडून द्या. परदेशातल्या नातेवाइकांना ९६ टक्क्यांची बाटली आणायला सांगू नका. ७० टक्क्यांहून तीव्र मद्य विमानात हातातल्या किंवा चेक-इन कुठल्याच सामानात चालत नाही.

तेव्हा नाशिकमध्ये व्होडका. चांगली, साधी, कसलाही स्वाद न घातलेली. अमेरिका, जर्मनी, पोलंड अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींना ९५-९६ टक्क्यांचं खाद्य अल्कोहोल दुकानात मिळू शकतं. त्यांनी तेच घ्यावं आणि खालचं पहिलं माप वापरावं. फक्त ते हाताळताना शेजारी गॅस पेटलेला नको, देवघरातली समई नको, कोणी सिगारेट ओढत नको. साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेते. भांडं काचेचंच हवं. लिंबाचं तेल थर्माकोल आणि त्या जातीचं प्लास्टिक विरघळवतं, मग ते प्लास्टिक कुठं जातं ते वेगळं सांगायला नको.

तीव्र अल्कोहोलचं माप असं. १ लिटर ९६ टक्क्यांचं अल्कोहोल, १२० ग्रॅम साल. लिंबं मोजू नका, साल वजन करून घ्या. इथल्या मध्यम लिंबाची साल ८ ते १० ग्रॅम निघते, तुमच्याकडे वेगळी निघेल. बरणी घट्ट बंद करून अंधारात ठेवायची, रोज एकदा हलवायची. पहिल्याच दिवशी अल्कोहोल पिवळं व्हायला लागतं. तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक तेल उतरलेलं असतं. पाच ते सात दिवसांत काम संपतं.

काम संपलं हे कॅलेंडरवरून ठरवायचं नसतं. एक पट्टी बाहेर काढा. ती फिकट, मळकट पांढरी झालेली असेल, कारण रंग अल्कोहोलमध्ये गेला. ती वाकवा. ताजी साल वाकते, मुरलेली साल भाजलेल्या पापडासारखी कडकन मोडते, कारण तीव्र अल्कोहोलने तेलाबरोबर तिच्यातलं पाणीही ओढून घेतलेलं असतं. मग दुसरी परीक्षा: छोट्या पेल्यात एक चमचा अर्क घ्या आणि त्यात एक चमचा थंड पाणी घाला. क्षणात दुधाळ, गर्द पिवळं ढग उठले पाहिजेत. नुसतंच किंचित धुरकट झालं तर अजून दोन दिवस ठेवा, किंवा साल कमी पडली असं समजा. मोडणारी साल आणि दुधाळ चमचा या दोन्ही गोष्टी जमल्या की लगेच गाळायचं. महिना महिना ठेवून मिळत काही नाही. तीस-चाळीस दिवसांच्या कृती इथेही घरोघर सांगतात, आणि सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण माझ्या जिभेला आठवड्याच्या अर्कात जो ताजेपणा लागतो तो महिन्याच्या अर्कात लागत नाही.

व्होडकाच्या बाबतीत साल मोडायची वाट बघू नका, ती मोडत नाही. ७५० मिलिलिटरला १०० ग्रॅम साल घ्यायची आणि दोन ते तीन आठवडे ठेवायचं. दहाव्या दिवसानंतर दर दोन-तीन दिवसांनी थेंबभर चाखायचं आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागायला लागलं की त्याच क्षणी थांबायचं. काहींना मी सांगते की एका आठवड्यानंतर जुनी साल काढून टाका आणि त्याच व्होडकात ताजी साल घाला. फळं जास्त लागतात, पण वास दुप्पट मिळतो आणि कडूपणाला वेळच मिळत नाही. तुमच्याकडे घरचं झाड असेल तर हेच करा.

गाळायला मलमलचं फडकं पुरतं. साली पिळायच्या नाहीत, पिळून जे चार चमचे मिळतात त्यात कडूपणाच जास्त असतो. गाळलेला अर्क पुन्हा एकदा कॉफीच्या कागदी फिल्टरमधून जाऊ द्या. जे काही गाळायचं ते पाणी घालायच्या आधी. पाक मिसळल्यानंतर गाळू नका.

पाकाबद्दल मराठी घरात एक अडचण येते. पाक म्हटलं की आपला हात एकतारीकडे जातो. इथे तार नको. साखर फक्त विरघळायला हवी. पाणी कोमट करा, साखर घाला, ढवळा, पाणी निवळ दिसलं की गॅस बंद. उकळत ठेवलं तर पाणी उडून माप चुकतं. आणि पाक पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर झाकून ठेवलात तरी चालेल. गरम पाक ओतला की अल्कोहोल आणि वास दोन्ही वाफेबरोबर जातात, शिवाय तीव्र अल्कोहोल असेल तर ते धोक्याचंही आहे.

आता गणित, कारण तुमची बाटली इथे गोठली. १ किलो साखर पाण्यात विरघळली की साधारण ६२० मिलिलिटर जागा घेते. हे लक्षात ठेवलं की सगळं हाताशी येतं. तुम्ही ७५० मिलिलिटर व्होडकात अर्धा किलो साखर, म्हणजे ३१० मिलिलिटर, आणि ५०० मिलिलिटर पाणी घातलंत. एकूण १५६० मिलिलिटर झालं. व्होडकातलं शुद्ध अल्कोहोल ३२१ मिलिलिटर. म्हणजे तुमचं लिमोनचेल्लो सुमारे साडेवीस टक्क्यांचं झालं. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांवर असतो. त्या थंडीत वीस टक्क्यांच्या आसपासचं मद्य अर्धवट बर्फ होणारच. तीस टक्क्यांच्या आसपास असेल आणि भरपूर साखर असेल तर ते गोठत नाही, घट्ट होतं, पेल्यात ओतताना संथ सरकतं. लिमोनचेल्लो प्यायची तीच अवस्था.

व्हिडिओतली साखर-पाण्याची मापं बहुधा ९६ टक्क्यांच्या अल्कोहोलसाठी असतात. तीच व्होडकाला लावली की पेय पातळ पडतं. १ लिटर तीव्र अल्कोहोलला १.४ लिटर पाणी आणि ८०० ग्रॅम साखर घ्या. सालीत थोडं अल्कोहोल अडकतं ते धरून शेवटी ३२ टक्क्यांच्या आसपास येतं आणि लिटरला पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम साखर पडते. दुकानातल्या बाटल्या बहुतेक २५ ते ३२ टक्क्यांच्या असतात. युरोपात लिकर म्हणवून घ्यायला लिटरला किमान १०० ग्रॅम साखर आणि १५ टक्के अल्कोहोल लागतं, म्हणजे त्या मानाने लिमोनचेल्लो दोन्हींकडे बरंच वर आहे. ७५० मिलिलिटर व्होडकाला मात्र फक्त २०० ग्रॅम साखर आणि १५० मिलिलिटर पाणी घ्या. हिशेब केलात तर ३० टक्क्यांच्या जवळ येईल. हे कमी गोड वाटेल, पण व्होडकात याहून जास्त पाण्याला जागाच नाही.

राहिला दुधाळपणा. तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळलेल्या तेलाला पाणी मिळालं की ते विरघळलेलं राहू शकत नाही आणि अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. त्या थेंबांवर प्रकाश विखुरतो आणि द्रव दुधाळ दिसतो. ग्रीसच्या उझो किंवा फ्रान्सच्या पास्तिस या मद्यांत पाणी घातल्यावर जे होतं तेच हे. आश्चर्य वाटतं ते हे थेंब टिकतात याचं. तेल आणि पाणी ढवळून ठेवलं तर थोड्या वेळात वेगळं होतं. इथे कुठलंही अंडं, साबण, डिंक न घालता थेंब महिनोन् महिने तसेच राहतात. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या न्यूट्रॉन संशोधन संस्थेत लिमोनचेल्लोवर न्यूट्रॉनचा मारा करून हे तपासलं गेलं आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. थेंब साधारण १०० नॅनोमीटरचे निघाले, आणि साखर किंवा तापमान बदललं तरी त्यांचा आकार फारसा हलला नाही. ढगाळ दिसणं ही लबाडी नाही, भरपूर तेल उतरल्याची ती खूण आहे.

व्होडकात मुळातच तेल कमी उतरतं, त्यामुळे पाक घातल्यावर बाहेर पडायला फारसं काही नसतं. म्हणून तुमचं निवळ राहिलं. निवळ लिमोनचेल्लो चवीला वाईट असतं असं नाही. दुधाळ दिसावं म्हणून दूध किंवा रंग घालू नका. दूध आणि मलई घालून केलेला एक वेगळा प्रकार इथे मिळतो, पण तो वेगळ्या कृतीने करतात आणि लवकर संपवावा लागतो. उलट बाजूने, कधी तीव्र अल्कोहोलच्या बाटलीत गळ्याशी तेलाचं कडं तरंगताना दिसतं. तेव्हा पाणी जास्त झालेलं असतं. थोडं अल्कोहोल वाढवून हलवलं की ते परत मिसळतं.

नाशिकमध्ये फळ कुठलं घ्यायचं, हा खरा प्रश्न. कागदी लिंबू लिंबाच्या वेगळ्याच जातीचं आहे, त्याच्या तेलाचा वासही वेगळा आहे. सरबताला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण सालीसाठी ते गैरसोयीचं. लोणच्याला वापरतात ते मोठं, जाड सालीचं ईडलिंबू मिळालं तर ते घ्या, पिवळं झालेलं. त्याहून बरं म्हणजे महाळुंग. कोणाच्या परसात झाड असेल तर हक्काने मागा. बाहेरून खडबडीत, आत पांढरा भाग बोटभर जाड, रस नावाला. पण सालीचा वास इतका सुंदर की नुसतं फळ खोलीत ठेवलं तरी दरवळतं. पांढरा भाग जाड असल्यामुळे पीलर चुकून खोल जात नाही, आणि गेला तरी महाळुंगाचं पांढरं फारसं कडू नसतं. इथे दक्षिणेला कालाब्रियात दियामांते गावाच्या आसपास याच फळाच्या बागा आहेत, तिथे त्याचं लिकर आणि मुरंबे करतात. दर उन्हाळ्यात ज्यू धर्मगुरू सुक्कोत सणासाठी निर्दोष फळं निवडायला त्या बागांत येतात.

आणि तुमच्याकडे नागपूरचं संत्रं आहे. लिंबाचा हट्ट नसेल तर मी संत्र्यालाच हात घालेन. संत्र्याच्या सालीला पांढरं नावालाच असतं, साल हाताने सुटते, आतल्या बाजूचे दोरे चमच्याने खरवडले की झालं. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा साल पिकलेली, रंगदार मिळते. इटलीतही मंदारिनाच्या सालीचं लिकर घरोघर होतं. मापं वरचीच, फक्त व्होडकात दीड आठवडा पुरे, कारण ही साल पातळ आणि लवकर उतरणारी आहे.

साल काढलेली लिंबं उघडी राहिली की दुसऱ्या दिवशी वाळून दगड होतात. त्याच दिवशी रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मुरलेल्या साली फेकताना मात्र जपून, त्या अल्कोहोलने भिजलेल्या असतात. चुलीजवळ किंवा शेकोटीत नको.

पाक मिसळल्यावर लगेच पिऊ नका. पहिल्या दिवशी अल्कोहोल, साखर आणि लिंबू तिन्ही वेगवेगळे लागतात. दोन-तीन आठवडे अंधारात ठेवलं की चव एकत्र येते. मग फ्रीझर. जेवणानंतर, छोट्या थंड पेल्यात, एखादाच. गोड आणि थंड असल्यामुळे तीव्रता जिभेला कळत नाही, पण ते व्होडकाच्या जवळपास पोचणारं मद्य आहे, हे पाहुण्यांना सांगून द्यावं. वर्षभर टिकतं, पण वास पहिल्या सहा महिन्यांतच सर्वांत चांगला असतो. तपकिरी झाक आली आणि वास बोथट झाला की ते खराब नसतं, म्हातारं झालेलं असतं.

आता तुमची ती बाटली. कडूपणा काढून टाकता येत नाही, पण विरळ करता येतो, आणि त्याच वेळी तीव्रताही वर आणता येते. आणखी ७५० मिलिलिटर व्होडका घ्या, तिच्यात महाळुंगाची किंवा ईडलिंबाची नीट सोललेली १०० ग्रॅम साल दोन आठवडे मुरवा आणि गाळा. तिच्यात साखर नको, पाणी नको. ही तुमच्या जुन्या १५६० मिलिलिटरमध्ये ओतली की २३१० मिलिलिटर होतं, अल्कोहोल साडेसत्तावीस टक्क्यांच्या आसपास येतं, साखर लिटरला सव्वादोनशे ग्रॅमच्या थोडी आत राहते आणि कडूपणा एक तृतीयांशाने उतरतो. फ्रीझरमध्ये मग चुरा होणार नाही. मिसळल्यावर दोन आठवडे थांबून चाखा. तेव्हाही कडवट टोचत असेल तर पेल्यात न घेता ते रव्याच्या केकवर शिंपडायच्या पाकात वापरा, तिथे थोडा कडवटपणा चांगला लागतो.